चिंतेला तपशील आवडत नाही

मला येणाऱ्या पत्रांची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. ‘कसं सांगू कळत नाही, पण आतून सारखं काहीतरी होतंय.’ कुणी त्याला हुरहूर म्हणतं, कुणी धाकधूक, कुणी लिहितं की डोक्यात भुंगा लागलाय. लिहिणारा विशीतला असो की साठीतला, नोकरदार असो की घर सांभाळणारी, वाक्य तेच. मी मनाबद्दल लिहिते म्हटल्यावर लोकांना वाटतं, या वाक्याचं उत्तर हिच्याकडे तयार असणार. तसं काही नसतं. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, समुपदेशकही नाही. वाचते, विचार करते, लिहिते. म्हणून उत्तराऐवजी मी प्रश्नच पाठवते: हे शेवटचं कधी झालं? काल झालं असेल तर किती वाजता? कुठे बसला होतात? हातात काय होतं?

काहीजण वैतागतात. ‘मी तुम्हाला माझ्या आयुष्याबद्दल विचारतोय आणि तुम्ही हातात काय होतं ते विचारताय?’ हो, तेच विचारतेय. ही पत्रं वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय: चिंतेला तपशील आवडत नाही. तिला मोघम बोलायला आवडतं. ‘काहीतरी वाईट होणार.’ ‘माझं काही खरं नाही.’ ‘सगळं हाताबाहेर चाललंय.’ यातल्या एकाही वाक्यात तारीख नाही, वेळ नाही, समोरचा माणूस नाही. असल्या वाक्याशी भांडायचं तरी कसं?

एका गृहस्थांचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, गाभा तेवढा ठेवलाय. पहिल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘ऑफिसचं टेन्शन आहे, झोप नीट लागत नाही.’ मी खोदून विचारल्यावर दुसऱ्या पत्रात एका रात्रीचा सगळा हिशेब आला. जेवणं झाल्यावर वरिष्ठांचा मेसेज: ‘उद्या सकाळी जरा बोलायचंय.’ चार शब्द. विषय नाही, कारण नाही. यांनी ‘ओके सर’ लिहिलं. ते कोरडं वाटलं म्हणून खोडून ‘नक्की सर’ लिहिलं. ते लाचार वाटलं म्हणून परत ‘ओके सर’. पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काहीच नाही. मग यांनी त्या आठवड्यात पाठवलेले सगळे मेल उघडून वाचले. एका तक्त्यात एक आकडा चुकलेला सापडला. (शोधायला बसलं की सापडतोच.) मग वरिष्ठ ऑनलाइन आहेत का ते पाहिलं. होते. मग आपल्याला उत्तर न देता ते कुणाशी बोलत असतील याचे अंदाज. बायकोने विचारलं, ‘काय झालं?’ ‘काही नाही.’ अंथरुणावर पडल्यावर नोकरी गेली, घराचे हप्ते थकले, मुलीच्या कॉलेजचं काय हा प्रश्न उभा राहिला, आणि साडेबाराच्या सुमारास हे गृहस्थ आपण सध्या घरीच का असतो ते सासऱ्यांना समजावून सांगत होते. मनातल्या मनात, अर्थात.

ही सगळी माळ क्रमाने कागदावर उतरवताना त्यांना एक गोष्ट दिसली, ती त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी, जवळजवळ संकोचाने लिहिली होती. नोकरी जाईल असं त्यांना मनापासून वाटतच नव्हतं. पण त्या वरिष्ठांची बोलायची पद्धत अशी, की ते टेबलापाशी येऊन उभे राहतात आणि चारचौघांत बोलतात. दोन टेबलं सोडून बसतो तो एक मुलगा, ज्याला या गृहस्थांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं. त्या मुलाने ऐकू नये, एवढीच भीती होती. नोकरी जाण्यापुढे ही भीती केवढीशी! पण खरी हीच होती, आणि हिच्यावर करण्यासारखं काहीतरी होतं. ‘सर, आपण आत बसून बोलूया का?’ एवढं वाक्य तयार ठेवायचं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना काय बोलायचं होतं ते मी मुद्दाम सांगत नाही. ते कळल्याशिवाय गोष्ट अर्धवट वाटत असेल, तर त्या रात्री त्यांनाही असंच वाटत होतं.

थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कित्येक वर्षं चिंतेचाच अभ्यास केला. 1990 सालच्या त्याच्या एका अभ्यासातली गोष्ट मला फार उपयोगी पडते. आपल्याला वाटतं, चिंता म्हणजे डोळ्यांसमोर भयंकर दृश्यं नाचणं. बोर्कोव्हेकला आढळलं की चिंता करताना माणूस दृश्यं कमी पाहतो आणि शब्दांत जास्त बोलतो. डोक्यात एक निवेदक बसलेला असतो आणि त्याची बडबड चालू असते. यामागचं कारण त्याने असं मांडलं, की शब्दांमुळे भीतीपासून थोडं लांब राहता येतं. दृश्य समोर आणलं तर छाती धडधडते, वाक्य घोळवलं तर तेवढी धडधडत नाही. म्हणून मन वाक्यंच घोळवत बसतं. पण त्यामुळे खऱ्या भीतीशी गाठ काही पडत नाही आणि दुसऱ्या रात्री तेच वाक्य पुन्हा हजर. आपले गृहस्थ सासऱ्यांपुढे लांबलचक भाषण करून मोकळे झाले, पण दोन टेबलांपलीकडच्या त्या मुलाचा चेहरा त्यांनी रात्रभरात एकदाही डोळ्यांसमोर आणला नव्हता.

आता आत्मपरीक्षणाबद्दल. इथे मला जरा कडक बोलायचंय.

शिकलेसवरलेले, चार पुस्तकं वाचणारे लोक चिंता करत नाहीत. ते आत्मपरीक्षण करतात. ‘मी अशी का आहे?’ ‘माझ्याच वाट्याला हे का येतं?’ ‘लहानपणी असं काय झालं असेल, की मला कुणावर विश्वासच टाकता येत नाही?’ प्रश्न खोल वाटतात, आणि विचारणाऱ्यालाही आपण स्वतःवर काहीतरी काम करतोय असं समाधान मिळतं. प्रत्यक्षात कित्येकदा हीच ती चिंता असते, फक्त जरा बरे कपडे घालून आलेली.

सूझन नोलेन-होक्सेमा यांचा एक अभ्यास यावर लख्ख उजेड टाकतो, आणि तो जवळजवळ योगायोगाने झाला. त्या तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. मन उदास झालं की तुम्ही काय करता, तेच ते घोळवत बसता की दुसऱ्या कशाकडे वळता, हे त्यांनी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलं होतं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 17 ऑक्टोबर 1989 ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. भूकंपाआधीची मनःस्थिती मोजून ठेवलेले विद्यार्थी संशोधकाला आयतेच मिळाले, असं सहसा होत नाही. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं, दहा दिवसांनी आणि मग सात आठवड्यांनी. ज्यांना आधीपासूनच घोळवत बसायची सवय होती, ते जास्त खचलेले आढळले. त्यांची आधीची उदासी हिशेबात धरूनही.

म्हणजे स्वतःकडे बघूच नये का? इथे इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स मदतीला येतात. घोळवणं सगळंच वाईट नसतं, ते कोणत्या पातळीवर चाललंय यावर बरंच अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं. ‘यातून माझ्याबद्दल काय सिद्ध होतं?’ हा विचार वर, ढगात चालतो. तिथे हाताला काही लागत नाही, आणि शेवटी निकाल ठरलेलाच: मी नालायक. ‘हे कसं कसं घडत गेलं? आधी काय झालं, मग मी काय बोललो, तिथून पुढे कुठे बिनसलं?’ हा विचार जमिनीवर चालतो. घटना तीच, माणूस तोच, पण दुसऱ्या रस्त्याने गेलेल्याला कुठेतरी वळण दिसतं. वॉटकिन्स यांनी याच भेदावर एक उपचारपद्धती उभी केली. मी उपचार करत नाही, पण माझे ते वेळ आणि हातातली वस्तू विचारणारे प्रश्न याच जमिनीवरचे आहेत.

‘स्वतःला शोधा’ हा सल्ला म्हणून माझ्या लेखात तुम्हाला सापडणार नाही. शोधायला निघालेला माणूस हरवलेलाच सापडतो, असा माझा अनुभव. त्यापेक्षा ‘मंगळवारी दुपारचं सांगा’ हे बरं.

लिहा, असं मी सांगते, त्याला आधार आहे, पण लोक समजतात तेवढा भक्कम नाही, हेही सांगायला हवं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली 46 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या विषयात सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायचं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या सहा महिन्यांत, ज्यांनी तो प्रसंगही लिहिला आणि त्याबद्दल काय वाटलं तेही लिहिलं, त्यांच्या विद्यापीठातल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं. रक्तदाब वाढलेला, मन जास्तच जड. ‘तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं आणि रडत बसलो,’ असं कुणी मला कळवतं तेव्हा मी घाबरत नाही ती यामुळेच. मात्र घाव अगदी ताजा असेल तर मी लिहायला सांगत नाही. तेव्हा माणसाला कागदापेक्षा शेजारी बसणारं कुणीतरी हवं असतं.

आणि फायदा किती? 2006 साली जोॲन फ्रॅटारोली यांनी अशा 146 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. निष्कर्ष: फायदा आहे, पण छोटा. मला हे ‘छोटा’ फार आवडतं. सोनेरी कडांच्या डायऱ्या विकणाऱ्यांना आवडणार नाही. रोज सकाळी तीन गोष्टी लिहा आणि आयुष्य बदला, असं कुणी म्हणालं की मी पान उलटते. पंधरा मिनिटांत आयुष्य बदलत नाही, पण पंधरा मिनिटांत एक रात्र थोडी कमी लांब होऊ शकते, आणि झोप न लागणाऱ्या माणसाला विचारा, तो हा सौदा आनंदाने करेल.

पेनेबेकर यांनी पुढे लोकांच्या लिखाणातली भाषाच तपासली. 1997 च्या अभ्यासात त्यांना दिसलं, की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘लक्षात आलं’ अशा तऱ्हेचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं उमगलेल्यांना नव्हे. गोंधळापासून सुरुवात करून हळूहळू गोष्ट जुळवत नेणाऱ्यांना. मला लोक कधीकधी फार नीटनेटकी पत्रं पाठवतात, कार्यकारणभावासकट, वर निष्कर्षही काढलेला. असं पत्र आलं की मी समजते, याचं खरं दुखणं अजून लिहायचंच आहे.

‘आजकालची चिंता’ हा तर माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी असलेला विषय. जमाना बदललाय, वेग वाढलाय, मोबाइलने वाट लावली. यावर लिहायला बसले की मला जॉर्ज बिअर्ड आठवतो. हा अमेरिकन डॉक्टर. मज्जातंतूंची शक्ती संपून माणूस थकतो, चिंतातुर होतो, असा एक आजार त्याने 1869 साली मांडला. 1881 मध्ये त्याने कारणंही सांगितली: वाफेची शक्ती, नियतकालिकं, तारयंत्र, विज्ञानं, आणि स्त्रियांचं डोकं चालवणं! शेवटचं कारण वाचून मी आधी हसले, मग चांगलीच चिडले, पण मुद्दा असा, की प्रत्येक पिढीला आपलाच काळ सगळ्यात धकाधकीचा वाटत आलेला आहे. तारेने बातमी येते म्हणून झोप उडालेली माणसंही होऊन गेली.

तरी नवं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. नवं आहे ते एवढंच, की न मिळालेलं उत्तर आता दिसतं. पूर्वी पत्र पोचलं की नाही हेच माहीत नसायचं. पोस्टमनवर ढकलता यायचं, गावाला गेला असेल म्हणता यायचं. 2014 च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर त्या निळ्या खुणा आल्या आणि ही सगळी पळवाट बंद झाली. पोचलं. वाचलं. आणि तरी उत्तर नाही. मोघम जागा तेवढीच राहिली, फक्त तिच्या कडा स्पष्ट झाल्या. चिंता वाढायला याहून सुपीक जमीन कुठली?

रिकाम्या वेळेचंही तसंच. 2014 सालीच टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पंधरा मिनिटं एकट्यानं, हातात काही न देता, खोलीत बसवलं. खोलीत एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. हा झटका पुन्हा बसू नये म्हणून आम्ही पैसे देऊ, असं ही माणसं आधी म्हणाली होती. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी त्या पंधरा मिनिटांत स्वतःला झटका दिला. ‘दिवसातून थोडा वेळ स्वतःसोबत शांत बसा’ असं जे सहज सांगतात, त्यांनी ही आकडेवारी उशाशी ठेवावी. स्वतःसोबत बसणं सोपं नसतं. शिकावं लागतं, आणि बसल्यावर काय करायचं हे माहीत असावं लागतं.

काय करायचं याचा एक जुना नमुना आपल्या भाषेत आहेच. रामदासांचे मनाचे श्लोक 205. त्यातल्या उपदेशाशी सहमत व्हा न व्हा, मला त्यातली बोलण्याची जागा महत्त्वाची वाटते. बोलणारा मनाच्या आतून बोलत नाही. मनाला समोर बसवून ‘मना’ अशी हाक मारून बोलतो. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 साली याच तऱ्हेची गोष्ट प्रयोगात पाहिली. लोकांना ऐनवेळी भाषण करायला सांगितलं, आणि तयारी करताना काहींना ‘मी’ म्हणून, तर काहींना स्वतःचं नाव घेऊन, ‘तू’ म्हणून स्वतःशी बोलायला सांगितलं. ‘तू’ म्हणणाऱ्यांची घालमेल कमी झाली, भाषण बरं झालं आणि नंतर ‘अरेरे, मी काय बोललो’ हे घोळवणंही कमी झालं. माझ्यापुरतं मी ‘अगं’ वापरते. ‘अगं, तुला नेमकी कशाची भीती वाटतेय?’ मैत्रिणीला विचारताना जो सूर लागतो तो आपोआप लागतो, आणि मैत्रिणीला कुणी ‘तू नालायकच आहेस’ म्हणत नाही.

चिंतेला वेळ ठरवून द्यायची युक्तीही बोर्कोव्हेकचीच, 1983 ची. दिवसातला ठरलेला अर्धा तास, ठरलेली जागा. बाकी वेळी चिंता आली तर तिला ‘साडेसहाला ये’ म्हणायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. गंमत अशी, की साडेसहाला बसल्यावर सकाळच्या निम्म्या चिंता आठवत नाहीत, आणि ज्या आठवतात त्या लिहायला घेतल्या की लाजतात.

2020 साली ल्युकस लाफ्रेनिएर आणि मिशेल न्यूमन यांनी सतत चिंता करण्याचा विकार असलेल्या 29 जणांकडून त्यांच्या चिंता लिहून घेतल्या आणि मग काय झालं ते तपासायला लावलं. 91 टक्के चिंता खऱ्या ठरल्या नाहीत. हा आकडा मी जपून वापरते. कुणाच्या हातात उद्या खराच वाईट रिपोर्ट पडणार असतो, आणि त्याला ‘91 टक्के वेळा काही होत नाही’ म्हणणं म्हणजे दगडच मारणं. मला त्या अभ्यासातली पद्धत जास्त मोलाची वाटते. चिंता खरी-खोटी ठरवायची तर आधी ती अशी लिहावी लागते, की ती खोटी ठरू शकेल. ‘माझं काही खरं नाही’ हे कधीच खोटं ठरत नाही. ‘शुक्रवारच्या मीटिंगमध्ये माझं काम काढून घेतील’ हे शुक्रवारी संध्याकाळी कळतं.

काही पत्रांना मात्र मी यातला एकही प्रश्न पाठवत नाही. जगणं नको झालंय असं कुणी लिहिलं, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा, एवढंच. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाणं बंद झालंय, अचानक घाम फुटून आता मरतोच असं वाटतंय, यांनाही कागद-पेन पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2019 साली जगात 30 कोटींहून जास्त लोकांना चिंतेचा विकार होता, आणि उपचार मिळतात ते साधारण चौघांतल्या एकाला. शिवाय कधी दुखणं मनात नसतंच. थायरॉइड जास्त काम करू लागलं तरी अशीच धडधड होते, असेच हात थरथरतात. ते लेख वाचून कळत नाही, रक्त तपासून कळतं.

डॉक्टरांपर्यंत जायला लोक कचरतात ते खर्चामुळे किंवा लाजेमुळे, पण आणखी एका कारणाने अडतात हे मला पत्रांतून कळलं: आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? ‘टेन्शन आहे’ म्हटलं की दोन मिनिटांत गोळी घेऊन बाहेर, ही धास्ती. म्हणून मी ते वाक्य त्यांच्याबरोबर लिहून काढते. ‘महिना झाला, रात्री तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा गाडी चालवताना हात थरथरले म्हणून बाजूला थांबावं लागलं. पूर्वी रोज बहिणीशी बोलायचो, आता फोन उचलत नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही.’ हे पाठ करायची गरज नाही, कागद समोर धरून वाचलं तरी चालतं. एकाने तसंच केलं. नंतर कळवलं, डॉक्टरांनी कागद मागून घेतला, पुन्हा एकदा स्वतः वाचला आणि विचारलं, ‘तीनच्या आधी झोप कशी असते?’